गाडीआधी प्लग बघा: पहिली इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्यांसाठी

ओळखीत कुणाची गाडी घ्यायची ठरली की मला फोन येतो, कारण गेली चार वर्षं मी पुण्यात इलेक्ट्रिक गाडी चालवतेय. पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कोणती घेऊ?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला: "रात्री गाडी कुठे उभी राहते?" याचं उत्तर मिळेपर्यंत मी मॉडेलचं नाव घेत नाही. पेट्रोलची गाडी कुठेही उभी केली तरी चालते. इलेक्ट्रिकचं तसं नाही. तिचं निम्मं सुख तुमच्या पार्किंगच्या भिंतीवर असतं. म्हणून शोरूमला जायच्या आधी घरी काय करायचं, तिथून सुरुवात करते.

पहिली पायरी: पार्किंगमध्ये जा, टेप घेऊन

तुमचा वीजमीटर कुठे आहे आणि तुमची गाडी कुठे लागते, यातलं अंतर मोजा. तार भिंतीने, छताखालून जाणार, सरळ रेषेत नाही, हे धरून मोजा. आमच्याकडे मीटर जिन्याखाली आणि पार्किंग मागच्या बाजूला. दिसायला चाळीस फूट, प्रत्यक्षात तार लागली पंच्याहत्तर फूट.

मग सोसायटी. कमिटीत बहुतेक तीनच शंका निघतात: आग लागेल का, कॉमन बिलात भर पडेल का, आणि उद्या सगळ्यांनीच मागितलं तर काय. पहिल्या दोन्हींचं उत्तर कागदावर द्या. लायसन्स असलेल्या वीज ठेकेदाराकडून एक साधा आराखडा काढून घ्या: तार तुमच्याच मीटरवरून येणार, स्वतंत्र एमसीबी आणि शॉक लागू नये म्हणून आरसीसीबी बसणार, अर्थिंग तपासलेलं असणार. अर्जासोबत हे जोडलं की चर्चा भीतीवरून कामावर येते. तिसरी शंका खरी आहे, आणि तिचा विचार सोसायटीने आजच करायला हवा: दहा-बारा गाड्या आल्या तर इमारतीचा मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढता येईल ती मर्यादा) पुरणार नाही, महावितरणकडून तो वाढवून घ्यावा लागेल. नवा फ्लॅट बघत असाल तर बिल्डरला हा प्रश्न थेट विचारा. केंद्र सरकारने २०१९ मध्येच आदर्श इमारत उपविधींत बदल करून पार्किंगच्या २० टक्के जागांसाठी चार्जिंगची तरतूद सुचवली आहे.

आता सॉकेटबद्दल, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथेच होतो. गाडीसोबत येणारा साधा चार्जर १५ अँपिअरच्या, म्हणजे गीझरच्या जाड पिनच्या सॉकेटला लागतो. पहिल्या महिन्यात मी पार्किंगमधल्या जुन्याच सॉकेटवर भागवलं. एका सकाळी प्लग काढायला गेले तर पिना हाताला चटका बसेल इतक्या तापलेल्या, आणि सॉकेटचं पांढरं प्लास्टिक एका भोकाभोवती बदामी झालेलं. वायरमन आले, सॉकेट उघडून आतली सैल झालेली पट्टी दाखवली आणि म्हणाले, "ताई, गीझर दहा मिनिटं चालतो. हे आठ तास ओढतंय." अख्खा मुद्दा त्या वाक्यात आहे. तेवढाच करंट, पण रात्रभर. सैल जोड, बारीक तार, ॲल्युमिनियमची जुनी वायर, हे सगळं गीझरला चालून जातं, गाडीला नाही. त्यामुळे नवं औद्योगिक दर्जाचं सॉकेट, मीटरपासून थेट आलेली तांब्याची स्वतंत्र तार (कमीत कमी ४ चौरस मिलिमीटर, लांबी जास्त असेल तर त्याहून जाड) आणि नीट अर्थिंग, एवढं झाल्याशिवाय गाडीची डिलिव्हरी घेऊ नका. एक्स्टेंशन बोर्ड तर कधीच लावू नका. पहिला आठवडाभर चार्जिंग सुरू करून तासाने प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, गरम नाही.

सॉकेट जमिनीपासून चार-पाच फूट वर बसवा. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत पार्किंगमध्ये पाणी शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते पुणेकरांनी पाहिलंय. गाडीची बॅटरी सहसा आयपी-६७ दर्जाची असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी झालेली. पण ती चाचणी स्वच्छ पाण्यातली, नव्या गाडीची. रात्रभर पाण्यात उभी राहिलेली गाडी चार्जिंगला लावू नका, सुरूही करू नका, सर्व्हिस सेंटरला उचलून न्या.

रस्त्यावरच गाडी लावावी लागते, घरी किंवा ऑफिसात प्लगची कसलीच सोय होणार नाही? मग माझा सल्ला स्पष्ट आहे: आत्ता इलेक्ट्रिक घेऊ नका. सार्वजनिक चार्जरच्या भरवशावर रोजचं आयुष्य काढता येतं, पण त्यात सोय राहत नाही आणि पैसेही फारसे वाचत नाहीत. तुमच्यासाठी पुढे सीएनजी आणि हायब्रिडबद्दल (पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्ही असलेल्या गाड्यांबद्दल) लिहिलंय.

दुसरी पायरी: युनिटची भाषा शिका

ही भाषा तुम्हाला येते, वीजबिलावर दर महिन्याला वाचता. बॅटरीचा आकडा "किलोवॅट-अवर" म्हणून सांगतात, तेच आपलं युनिट. टियागोची लहान बॅटरी १९.२ युनिटची, नेक्सॉनची मोठी ४५ ची, महिंद्राच्या बीई-६ ची ५९ किंवा ७९ ची. ही झाली टाकी.

"किलोवॅट" म्हणजे नळ. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटचा नळ साधारण ३.३ किलोवॅटचा, म्हणजे तासाला तीन युनिट भरतात. भिंतीवरच्या मोठ्या चार्जरचा ७.२ चा. हायवेवरच्या जलद चार्जरचा ३०, ६०, १२० किंवा त्याहून मोठा. पण नळ कितीही मोठा असला तरी गाडीचं तोंड जेवढं उघडतं तेवढंच आत जातं. ५० किलोवॅट घेऊ शकणाऱ्या गाडीला १२० च्या मशीनवर लावून वेळ वाचत नाही. आणि टाकी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की गाडी स्वतःच वेग कमी करते. म्हणून प्रवासात १० ते ८० टक्के भरायचं आणि निघायचं. शेवटच्या वीस टक्क्यांसाठी थांबणं म्हणजे चहा गार होईपर्यंत बसणं.

रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला सहा-सात युनिट लागतात. साध्या सॉकेटवर दोन-अडीच तास. त्यामुळे ७.२ चा चार्जर हवाच असं नाही. मंजूर भार कमी असेल तर एसी, गीझर आणि तो चार्जर एकदम चालल्यावर मेन स्विच पडेल. विक्रेत्याने फुकट दिला तरी आधी बिलावरचा मंजूर भार वाचा.

तिसरी पायरी: कंपनीच्या आकड्यातून तुमचा आकडा काढा

आपल्याकडच्या गाड्यांची रेंज, म्हणजे एका पूर्ण चार्जमध्ये जाणारं अंतर, ठरावीक चाचणीवर मोजतात. या चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. चाचणी प्रामाणिक असते, पण ती प्रयोगशाळेत होते, आणि तिथे ना भरलेली डिकी असते ना कात्रजचा चढ. माझा हिशेब असा: कंपनीच्या आकड्याचे ७० टक्के शहरात, ६० ते ६५ टक्के हायवेला. नेक्सॉनच्या ४५ युनिटवाल्या मॉडेलचा चाचणीतला आकडा ४८९ किलोमीटर. खुद्द कंपनी प्रत्यक्ष वापरासाठी साडेतीनशेच्या आसपासचा आकडा वेगळा देते. तो वेगळा आकडा मागून घ्या.

पेट्रोलच्या गाडीची सवय असलेल्यांना एक गोष्ट उलटी वाटते: इलेक्ट्रिक गाडी गर्दीत कमी खाते, मोकळ्या रस्त्यावर जास्त. वेगामुळे हवेचा विरोध वाढतो, आणि ब्रेक मारताना परत मिळणारी वीज हायवेला मिळत नाही. द्रुतगती मार्गावर शंभरऐवजी ऐंशीने चालवलं तर माझ्या गाडीचं युनिटमागचं अंतर साडेपाचवरून सातवर जातं. बोरघाटात तासन्‌तास अडकलो तर काय, ही भीती बहुतेकांना असते. उभ्या गाडीत एसी तासाला एक-दीड युनिट खातो. तीन तास अडकलात तरी चार-साडेचार युनिट. गैरसोय गर्दीची होते, बॅटरीची नाही.

घाटाचा हिशेब मात्र समजून घ्या, कारण तो महाराष्ट्रात टळत नाही. माझं माहेर वाईचं, त्यामुळे पसरणी घाट माझ्या पायाखालचा. वाईहून पाचगणीला चढताना गाडी साधारण पावणेसहाशे मीटर उंची गाठते. माणसांसकट अठराशे किलोची गाडी तेवढी वर उचलायला नुसती उंचीचीच पावणेतीन युनिटं लागतात. शिवाय बारा-तेरा किलोमीटर चालण्याचा खर्च वेगळा, आणि थोडी गळती. म्हणजे पाचेक युनिट गेली. नवखा माणूस डिस्प्लेवरची टक्केवारी घसरताना बघून घाबरतो. पण उतरताना मोटर जनित्र होते, खर्च जवळजवळ शून्य होतो, उलट एखादं युनिट परत जमा होतं. जाऊन-येऊन हिशेब सपाट रस्त्याच्या आसपासच बसतो. एकच पथ्य: वर हॉटेलात रात्री १०० टक्के भरून उतरू नका. टाकी भरलेली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, आणि सगळा घाट नुसत्या ब्रेकवर उतरावा लागतो. ८५-९० वर थांबा.

चौथी पायरी: महिनाभर वही ठेवा, मग पैशांचा हिशेब

सध्याच्या गाडीचं किंवा रिक्षा-कॅबचं रोजचं अंतर महिनाभर लिहा. अंदाज करू नका, लिहाच. बहुतेकांचा अंदाज प्रत्यक्षाच्या दीडपट निघतो.

महिन्याला १,००० किलोमीटर धरू. भिंतीतून निघालेल्या युनिटमागे, चार्जरमधली गळती धरून, सहा किलोमीटर. म्हणजे १६५ युनिट. युनिटला बारा रुपये धरले तर दोन हजार रुपये. तेवढ्याच अंतराला लिटरला पंधरा देणारी पेट्रोलची गाडी, लिटर १०४ रुपये धरून, सात हजारांच्या आसपास खाते. किलोला बावीस देणारी सीएनजी, किलो नव्वद रुपये धरला तर, चार हजार शंभर. लिटरला बावीस देणारी हायब्रिड पावणेपाच हजार. तुमच्या गावचे दर घालून हाच हिशेब मांडा.

मात्र बारा रुपये हा दर सगळ्यांना लागू नाही. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. तुमचं घर आधीच २०० युनिट वापरत असेल तर गाडीच्या १६५ पैकी ६५ युनिट वरच्या, महाग टप्प्यात जातात. घर ३५० वापरत असेल तर सगळीच. अशांनी चार्जिंगसाठी स्वतंत्र कनेक्शन घेण्याचा विचार करावा. महावितरणची त्यासाठी वेगळी दरश्रेणी आहे. आणि छत असेल तर सौर पॅनेल. तीन किलोवॅटची यंत्रणा आपल्याकडे दिवसाला बाराएक युनिट देते, आणि पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. मला हे पैशांपलीकडेही महत्त्वाचं वाटतं. आपली बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडीच्या कोळशातून येते. त्या भागातल्या लोकांच्या अंगणात पडणारी राख आपण पुण्यात बसून विसरू नये.

जलद चार्जरचा दर बहुधा घरच्या दुपटीच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी. दर महिन्याला निम्मं चार्जिंग बाहेर होणार असेल तर बचत सीएनजीच्या जवळपास येते.

बॅटरी भाड्याने देणाऱ्या योजनाही नीट वाचा. एमजी विंडसर २०२४ मध्ये अशीच आली: गाडीची किंमत कमी, बॅटरीचे किलोमीटरमागे साडेतीन रुपये. १,००० किलोमीटरला साडेतीन हजार, वर विजेचे दोन हजार. किमान किलोमीटरची अट आहे का, आणि गाडी विकताना बॅटरीचा करार कुणाकडे जातो, हे लेखी घ्या.

पाचवी पायरी: इलेक्ट्रिक बसत नसेल तर

सीएनजी हा आजही सगळ्यात व्यवहारी पर्याय आहे, ज्यांच्या घराजवळ पंप आहे त्यांच्यासाठी. आठ-नऊ किलोचा सिलिंडर दोनशे किलोमीटर नेतो. चढावर ताकद कमी पडते, आणि डिकी जाते. दोन छोटे सिलिंडर तळाशी बसवलेल्या गाड्यांत ती बरीचशी वाचते. घेण्याआधी पंपावर सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला स्वतः जाऊन रांग बघा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, ती तारीख गाडीच्या कागदांत लिहून ठेवा.

हायब्रिड या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. विक्रेत्याला एकच विचारा: "इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर गाडी हलते का?" हो असेल तर ती खरी, म्हणजे स्ट्राँग हायब्रिड, इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर आणि ग्रँड विटारा यांची वरची मॉडेलं, होंडा सिटीचं हायब्रिड या त्यातल्या. नाही असेल तर ती माइल्ड. तिच्या नावातल्या हायब्रिडसाठी जास्त पैसे देऊ नका. ज्यांना महिन्यातून चारदा मराठवाडा-विदर्भात लांब जावं लागतं आणि घरी प्लग नाही, त्यांना मी स्ट्राँग हायब्रिड सुचवते.

इथेनॉलचा पर्याय तुम्ही नकळत आधीच वापरताय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटतं. जुनी पेट्रोल गाडी घेत असाल तर ती ई-२० साठी बनलेली आहे का, हे मालकाच्या पुस्तिकेत बघा. हायड्रोजनच्या गाड्यांसाठी थांबू नका. भरायला सार्वजनिक पंपच नाहीत.

सहावी पायरी: बॅटरीबद्दल चार प्रश्न, लेखी उत्तरं

रसायन कोणतं? एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) असेल तर ती उष्णता आणि रोजची घासाघीस चांगली सोसते, आणि तिला अधूनमधून १०० टक्के भरावंच लागतं, नाहीतर टक्केवारीचा अंदाज चुकू लागतो. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) असेल तर वजनाला हलकी, पण रोज ८० वर थांबलेलं बरं. थंड कशाने होते, द्रवाने की हवेने? नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या मे महिन्यात राहणाऱ्यांनी द्रवाने थंड होणारीच घ्यावी. वॉरंटी किती? बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. पण क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल, हा खरा प्रश्न आहे. आणि गाडी विकली तर ती वॉरंटी पुढच्या मालकाला तशीच मिळते का? काही वाढीव वॉरंट्या फक्त पहिल्या मालकापुरत्या असतात.

जुनी इलेक्ट्रिक घेताय, तर सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल काढून घेतल्याशिवाय टोकनही देऊ नका.

कागदपत्रं आणि सवलती

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के. खासगी गाडीला हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. थर्ड पार्टी विम्यात १५ टक्के सूट आहे, हायब्रिडला साडेसात. विम्यात बॅटरी आणि चार्जरचं संरक्षण वेगळं मागून घ्या. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे. तरी फास्टॅगचे मेसेज तपासत राहा.

दोन गोष्टी शोरूममध्ये अजून ऐकू येतात, त्यावर हिशेब बांधू नका. कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची आयकर सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. आणि केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींना अनुदान नाही.

पहिला लांबचा प्रवास

पहिल्या महिन्यात मुद्दाम एक मध्यम प्रवास करा, जिथे अडलात तरी कुणीतरी ओळखीचं असेल. माझा पहिला प्रवास पुणे-वाईचा, नव्वदेक किलोमीटर, मध्ये खंबाटकीचा चढ. एकदा परतताना घाई होती म्हणून ५० टक्क्यांवर निघाले, वाटेत दोन ठिकाणी कामं निघाली, आणि रात्री दहाला ११ टक्के घेऊन हायवेवरच्या एका चार्जरपाशी पोहोचले. ॲपमध्ये तो "उपलब्ध" दिसत होता. मशीनचा पडदा काळा. शेजारच्या हॉटेलातल्या वॉचमनदादांनी टॉर्च घेऊन मागची पेटी उघडली, पडलेला स्विच वर केला, आणि मशीन सुरू झालं. ते तिथे नसते तर माझी रात्र तिथेच गेली असती. तेव्हापासून मी तीन गोष्टी करते. २५ टक्क्यांच्या खाली जाण्याआधीच चार्जर गाठते. त्या चार्जरच्या पुढे, उरलेल्या चार्जमध्ये पोहोचता येईल असा दुसरा एक हेरून ठेवते. आणि ॲपमध्ये "उपलब्ध" बघण्याऐवजी तिथे शेवटचं चार्जिंग कधी झालं ते बघते. आज कुणीतरी केलं असेल तर मशीन जिवंत आहे. तीन-चार कंपन्यांची ॲप्स आधीच उतरवून, वॉलेटमध्ये दोनतीनशे रुपये टाकून ठेवा. रात्री घाटाखाली नेटवर्क नसताना ओटीपी येत नाही.

डिकीत १५ अँपिअरचा चार्जर कायम असू द्या. खेड्यात पिठाच्या गिरणीसारख्या ठिकाणी जाड पिनचं सॉकेट सापडू शकतं. अर्थिंग विचारा, युनिटचे पैसे आधी ठरवून द्या, आणि तासाभराने प्लगला हात लावून बघा.

गाडी अजिबात सुरूच झाली नाही, पडदाही लागला नाही, तर मोठी बॅटरी गेली असं समजून घाबरू नका. बहुतेकदा पुढच्या बॉनेटखालची १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते. आणि ओढून न्यायची वेळ आलीच तर दोर लावून, चाकं फिरवत नेऊ देऊ नका. मोटर चाकांना जोडलेली असते, फिरली की वीज तयार होते आणि आतली यंत्रणा जळू शकते. फोनवरच सांगा: "सपाट ट्रकच पाठवा, चारही चाकं वर."